सीडीची सत्यप्रत

दहावीचा निकाल लागला तेव्हा आमच्या घरातले कागद पहिल्यांदा घराबाहेर पडले. तोवर ते वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात असत आणि डबा आढ्याला दोरीने टांगलेला असे. उंदरांची भीती. घर म्हणजे एक खोली, वर पत्रे आणि आत आम्ही पाच माणसं. बाप सिद्धेश्वर धरणाच्या पाटावर रोजंदारीनं गाळ काढायचा. आई वेचणीच्या दिवसांत कापूस वेचायची आणि एरवी मिळेल त्या कामाला जायची. ज्वारीची कणगी रिकामी झाली तरी घरात आरडाओरड होत नसे, कणगी तर नेहमीच रिकामी व्हायची. पण त्या डब्याला कुणी हात लावला की बाप खेकसायचा. डब्यात माझा जातीचा दाखला होता, शाळा सोडल्याचा दाखला होता आणि आता मार्कमेमो आला होता.

पुढं शिकायचं तर हिंगोलीच्या वसतिगृहात जागा मिळायला हवी होती. अर्जाला प्रत्येक कागदाची झेरॉक्स लागायची आणि प्रत्येक झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. शिक्क्यावर लिहिलेलं असायचं, ‘मूळ प्रतीवरून पडताळून पाहिले. सत्यप्रत.’ आमच्या पंचक्रोशीत असा अधिकारी एकच, गुरांच्या दवाखान्यातला डॉक्टर. माझ्या शिक्षणाचं काय होणार, हे बैलांच्या जिभा तपासणारा माणूस ठरवणार होता.

बाप मला घेऊन गेला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद, वर झेरॉक्सी, खाली मूळ.

“सायेब, असल बी संगं आनलंय. बघून घ्या की.”

“असल बघून मी काय करू?” डॉक्टर मान वर न करता म्हणाले. “तुला इथं ओळखतं का कोणी?”

“मला? आमी धरनाजवळचे, सायेब. पाटावर हाय मी.”

“पाटावर लई जण आहेत. ओळखीचा माणूस घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या दिवशी साहेब होते, पण ओळखीचा माणूस न्हाई म्हणून पुन्हा परत. परतताना आम्ही पाटाच्या कडेनं चालत होतो. बाप म्हणाला, “माय, कागुद तुहा. अन् वळख माही काहून मागून राहिला हा?”

अंगठा लावणारा माणूस होता माझा बाप. हजेरीपटावर उजव्या हाताचा अंगठा, त्यापलीकडं लिहिणं नाही. पण त्यानं त्या दिवशी विचारला तो प्रश्न मला पुढं पदवीधरांच्या तोंडून एकदाही ऐकायला मिळाला नाही.

चौथ्या दिवशी बापानं गावातला एक दूधवाला सोबत आणला. त्याची अडलेली म्हैस या डॉक्टरांनी मागच्या साली सोडवली होती. दूधवाला आत शिरताच म्हणाला, “डॉक्टरसाब, आपलीच लेकरं हायेत.”

“अरे ये, ये! म्हैस काय म्हणते?”

म्हैस बरी होती. दोन्ही वेळा दूध देत होती. रेडकूही बरं होतं. हे सगळं बोलणं होईपर्यंत डॉक्टरांनी झेरॉक्सींचा गठ्ठा शिक्के मारून, सह्या करून मोकळा केला. मूळ कागदांची पिशवी बापाच्या मांडीवर तशीच. तिची गाठही सुटली नाही. माझ्या मार्कमेमोचा खरेपणा सिद्ध केला तो एका म्हशीनं.

एसटीत बसल्यावर मी गठ्ठा उलगडला. झेरॉक्सवाल्याच्या मशीनमधून एक कोरा कागद मध्येच चिकटून आला होता. त्यावरही शिक्का होता, सही होती. पांढरा स्वच्छ कागद, एक अक्षर नाही, आणि खाली, ‘मूळ प्रतीवरून पडताळून पाहिले. सत्यप्रत.’

मी हसायला लागले. बाप घाबरला. “फेकू नको,” म्हणाला. “सरकारी शिक्का हाय त्यावर.”

मी नाही फेकला. तो कागद डब्यात गेला, पुढं माझ्या पेटीत गेला.

वसतिगृह मिळालं. बारावी झाली. मग बी.एस्सी., कम्प्युटर विषय घेऊन. आमच्या घरात आणि आमच्या वस्तीत पदवी मिळवलेली पहिली मुलगी मी. हे मीच सांगते. दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसले असते तर अजून बसलेलीच असते. गावात लोक म्हणायचे, “कम्प्युटर शिकून काय करणार गं? बटन दाबून पाटाला पानी सोडणार का?” पाटाला पाणी सोडणारा माणूसही तेव्हा नीट पाणी सोडत नव्हता. बटणानं काय वाकडं झालं असतं?

हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतरच्या वर्षांत मला एका खासगी कॉलेजात कम्प्युटर लॅब सांभाळायची नोकरी लागली. कॉलेजचं नाव सांगत नाही, सांगण्यासारखं त्यात काही नाही. नेमणुकीची ऑर्डर एका शैक्षणिक वर्षाची, मार्चपर्यंत; नवी जूनमध्ये. बापाची कंबर तोवर गेली होती, धाकटा भाऊ शिकत होता. घर माझ्या ऑर्डरवर चालत होतं. ही गोष्ट विभागप्रमुख सरांना चांगली ठाऊक होती आणि ते ती अधूनमधून काढायचेही.

लॅबमध्ये अठरा मशीन. सगळ्यांवर चोरीचं सॉफ्टवेअर. विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकलं तिथंच, आणि सगळ्या कॉलेजचे अंतर्गत गुणही तिथंच साठवलेले. कुठंतरी धाडी पडल्याचं संस्थेच्या कानावर आलं आणि एका सकाळी सर मला म्हणाले, “मॅडम, आता आपण ओपन सोर्सवर जायचं. मशीन चालवायला लिनक्स. फुकट आणि कायदेशीर.”

निर्णय चांगला होता. मी मनापासून खूश झाले. प्रोग्राम आधी माणूस लिहितो, माणसाला वाचता येईल अशा भाषेत. तो मूळ मजकूर. मशीनला तो कळत नाही, म्हणून कंपायलर नावाचा दुसरा एक प्रोग्राम त्याचं आकड्यांत रूपांतर करतो. ती तयार फाइल मशीनवर चालते, पण माणसाला वाचता येत नाही. ओपन सोर्समध्ये मूळ मजकूर सगळ्या जगाला वाचायला खुला असतो. यात भोळ्या लोकांची एक गफलत होते. खुला असतो तो मूळ मजकूर. आपल्या हातात येते ती तयार फाइल. ती त्याच मजकुरापासून बनवली आहे, हे कुणीतरी सांगतं म्हणून आपण मानतो. डॉक्टरांनी झेरॉक्स मानली तशी.

नांदेडहून एक सप्लायर आला. शर्टाच्या खिशात दोन मोबाइल. त्यानं टेबलावर सीड्या ठेवल्या, वर स्केचपेननं लिहिलेलं. “मॅडम, सगळं तयार आहे. मराठी फॉन्टपण टाकलेत. फक्त टाकायचं आणि चालू करायचं.”

सरांनी एक टाइप केलेला कागद माझ्यापुढं सरकवला. ‘सदर सॉफ्टवेअर मूळ प्रतीवरून पडताळून पाहिले असून ते बरोबर आहे.’ खाली माझ्या सहीसाठी रेघ.

“मूळ प्रत कुठंय, सर?”

“अहो, सीडी आहे ना समोर!”

“ही यांची सीडी. मूळ कुठंय?”

सर हसले. त्यांनी कुठंतरी अर्धा लेख वाचला होता आणि त्या अर्ध्यावर ते वर्षभर बोलत होते. “मॅडम, ओपन सोर्स म्हणजे काय? हजारो लोकांनी तपासलेलं असतं ते. आपण काय वेगळं तपासणार?”

“त्या हजारांतला एक तरी तुमच्या ओळखीचा आहे का, सर?”

सप्लायर मध्येच म्हणाला, “मॅडम, ओपन आहे म्हणजे सगळं उघडंच आहे. त्यात लपवायला जागाच नसते.”

“उघडं आहे तर दाखवा. या सीडीतल्या फाइली ज्यापासून बनवल्या तो मजकूर द्या.”

“तो इंटरनेटवर आहे.”

“इंटरनेटवर त्यांचा आहे. तुमचा कुठंय?”

त्यानं सरांकडं पाहिलं. सरांनी घड्याळाकडं पाहिलं. मी सही न करता एक सीडी उचलली आणि बाहेर पडले.

प्रत्येक सीडीचा एक अंगठा काढता येतो. म्हणजे एक आज्ञा दिली की मशीन सगळी सीडी वाचून बत्तीस अक्षरं-आकडे छापतं. सीडीत एक टिंब बदललं तरी ती बत्तीस अक्षरं पार वेगळी येतात. बनवणारे लोक आपल्या मूळ सीडीचा अंगठा वेबसाइटवर लावून ठेवतात. मी लॅबमध्ये आमच्या सीडीचा काढला, वहीत उतरवला आणि हिंगोलीच्या सायबर कॅफेत जाऊन वेबसाइटवरच्याशी ताडून पाहिला. पहिलं अक्षरही जुळेना.

सप्लायरला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, आम्ही फॉन्ट टाकलेत ना. कसं जुळेल?”

हे कारण मला पटलं. पटलं ते पटलं म्हणायला माझं काही जात नाही. पण मग फॉन्ट सोडून बाकीचं तरी जुळायला हवं होतं, आणि ते बघायला मूळ सीडी हवी होती. मी पुण्यातल्या काही हौशी लोकांच्या मंडळाला पत्र टाकलं. हे लोक मूळ मजकुरासकट सीड्या पोस्टानं पाठवायचे. सरांना सांगितलं, पंधरा दिवस द्या.

“पंधरा दिवस?” सर म्हणाले. “मॅडम, प्रॅक्टिकल तोंडावर आली. बिल अडकलंय. आणि तुमची ऑर्डर मार्चपर्यंतच आहे ना?”

“आहे ना, सर. मार्चपर्यंत मी तपासू शकते.”

तेव्हा सरांनी जे केलं ते मी आजही कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं मी रचून सांगते आहे. माझी सही मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी सीडीची सत्यप्रत काढायचं ठरवलं. शिपाईमामांच्या हाती सीडी देऊन त्यांना झेरॉक्सच्या दुकानात पाठवलं. मामा दुकानावरून तसेच परत आले आणि लॅबच्या दारात उभे राहून मला म्हणाले, “बाई, झेरॉक्सवाला इचारून राहिला, एकच बाजू काढू का दोन्ही?”

“सरांना विचारा, मामा.”

सर म्हणाले, दोन्ही.

दोन्ही बाजूंची झेरॉक्स निघाली. एकीकडं स्केचपेनचं अक्षर असलेला गोल, दुसरीकडं नुसता काळा गोल. करपलेल्या भाकरीसारखा, मध्ये भोक. ते दोन कागद मामांनी राजपत्रित अधिकाऱ्याकडं नेले. या वेळी माणसांचा डॉक्टर होता, आरोग्य केंद्रातला. त्यानं सही केली. काळ्या गोलाखाली शिक्का बसला, ‘मूळ प्रतीवरून पडताळून पाहिले. सत्यप्रत.’ गोल काळा होता, मूळ सीडीही गोल होती. एवढं तर जुळत होतं! सरांनी तो कागद बिलाच्या फायलीत लावला.

त्या दिवशी मी डबा न खाता बसले होते. मामा चहा घेऊन आले. म्हणाले, “बाई, करून टाका ना सही. तुमच्या खिशातलं काय चाललंय?”

मामांचा राग नाही आला मला. ते शिकलेले नव्हते. ज्यांच्या दारावर पदव्यांची पाटी होती त्यांची मात्र किळस आली. सही केली असती तर जूनमध्ये ऑर्डर पक्की होती. पण त्या कागदावर जे वाक्य होतं तेच वाक्य मिळवायला माझा बाप चार दिवस असल कागद मांडीवर घेऊन बसला होता, आणि ते कुणी पाहिले नव्हते. मी न पाहता सही करणार नव्हते.

बाराव्या दिवशी पुण्याचं पाकीट आलं. आधी त्या सीड्यांचा अंगठा काढला. पुण्याचे म्हणून त्यांनाही सूट नाही. कॅफेत जाऊन अक्षर न् अक्षर ताडलं, बत्तीसच्या बत्तीस जुळली. मग सप्लायरच्या सीडीतल्या फाइली आणि मूळ फाइली एकेक करून ताडत गेले. शेकडो जुळल्या. चार नाही जुळल्या. त्यांतल्या तीन फॉन्ट आणि कीबोर्डच्या होत्या. त्याबाबतीत माणूस खरं बोलला होता.

चौथी होती लॉगिनची. मशीन चालू केल्यावर नाव आणि पासवर्ड विचारते ती. मराठी फॉन्ट बसवायला दाराचं कुलूप कशाला बदलावं लागतं?

तयार फाइल वाचता येत नाही, पण तिच्यात अडकलेली वाचण्याजोगी अक्षरं तेवढी चाळून काढता येतात. मी दोन्ही लॉगिन फाइलींतली काढली आणि शेजारी शेजारी ठेवली. सप्लायरच्या फाइलीत एक शब्द जास्त होता. त्याच्या दुकानाच्या नावाची आद्याक्षरं आणि पुढं त्याच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे. एवढा मोठा कारागीर, आणि स्वतःची निशाणी ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी सप्लायर बिलासाठी आला, तेव्हा मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांच्या मशीनवर नमुना म्हणून त्याचंच लिनक्स टाकलेलं होतं आणि सर त्यात अंतर्गत गुण भरत होते.

“सर, तुमचा पासवर्ड मला माहीत आहे का?”

“कसा माहीत असेल?”

“बघा.” मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, सरांचं नाव टाकलं आणि पासवर्डच्या जागी तो शब्द. मशीन उघडलं. तिसऱ्या वर्षाचे गुण समोर. मी एका विद्यार्थ्याच्या पुढं कर्सर नेऊन ठेवला आणि हात मागं घेतला. “बदलू का, सर?”

सर खुर्चीतून उठले. सप्लायर म्हणाला, “मॅडम, ते सर्व्हिससाठी ठेवलंय. पासवर्ड विसरला तर तुमचीच सोय.”

“किती कॉलेजांची सोय केलीत?”

त्यानं खिशातले दोन्ही मोबाइल सारखे केले. मूळ मजकूर खुला होता म्हणून त्याला एक ओळ घालता आली, आणि आमच्या हातात तयार फाइल दिली म्हणून ती कुणाला दिसली नाही. ज्या हजारो लोकांच्या भरवशावर सर निवांत होते, त्यांनी त्याचा मजकूर कधी पाहिलाच नव्हता.

सर फायलीतला काळा गोल काढून म्हणाले, “पण याच्यावर तर सही आहे!”

मी पेटीतून आणलेला तो कोरा कागद टेबलावर ठेवला. शिक्का फिकट झाला होता, वाचता येत होता. “याच्यावरपण आहे, सर.”

सरांनी तो उलटापालटा करून पाहिला. मागंही काही नव्हतं. त्यांना काही कळलं नाही, आणि समजावून सांगायला मी तिथं नोकरीला नव्हते.

शेवटी ते म्हणाले, “ठीक आहे. तुमच्या सीडीनं बसवा. पण फायलीतलं काही हलवू नका. ऑडिटला कागद लागतो.” काळा गोल परत फायलीत गेला. अजूनही असेल.

मग मी बसवलं. लॉगिन मूळ मजकुरापासून स्वतः बनवलं, आधी त्याची ओळ न् ओळ वाचून. मुलांना प्रॅक्टिकलला लागणारा कंपायलरही मजकुरापासूनच बनवला. तो जुन्या मशीनवर बनायला बरेच तास लागायचे आणि भारनियमनात वीज गेली की सगळं पहिल्यापासून. तीनदा गेली. चौथ्यांदा झालं. एक गोष्ट कबूल करते. तो कंपायलर बनवायला जो आधीचा कंपायलर वापरला, तो पुण्याच्या सीडीवरची तयार फाइल होता. त्याच्या आत काय आहे ते मी पाहिलेलं नाही, बघायची सोयही नव्हती. अंगठा जुळला तो बनवणाऱ्यांच्या सीडीशी. बनवणाऱ्यांच्या मनाशी जुळतो का, ते कळायला उपाय नाही. म्हणून लॅबच्या रजिस्टरमध्ये मी सरांचं वाक्य नाही लिहिलं. काय पाहिलं ते लिहिलं, काय पाहिलं नाही तेही लिहिलं, आणि खाली पूर्ण नावानं सही केली.

त्या सुट्टीत बापाला सगळं सांगितलं. त्याला कम्प्युटरचं काही कळत नाही. त्यानं एकच विचारलं, “असल बघितलं व्हय?”

“बघितलं. जेवढं दिसत होतं तेवढं.”

“मंग बराबर.”

प्रॅक्टिकल पार पडली. जूनमध्ये माझी ऑर्डर आली नाही. कारण लेखी दिलं नाही. मामांकडून कळलं, ‘मॅडम जमवून घेत नाहीत.’ बरोबरच कळलं होतं त्यांना.

दोन वर्षं शिकवण्या घेतल्या आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला. दुसऱ्या खेपेला निवड झाली. मी राजपत्रित अधिकारी आहे. माझ्या टेबलावर सत्यप्रतीचा शिक्का आहे. माझ्याकडं सहीला वेळ लागतो अशी लोकांची तक्रार असते, कारण मी आधी पिशवीची गाठ सोडायला लावते आणि मूळ कागद वाचते. ओळखीचा माणूस आणा, असं मी अजून कुणालाही म्हटलेलं नाही.